रेघ सोडलेले टाके

शाळेची बस मी एकतीस वर्षं चालवली. निवृत्त झाले त्याच आठवड्यात लवॉन दारात येऊन उभी राहिली. लवॉन म्हणजे आमच्या वेल्बी गावच्या गोधडी गिल्डची, गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाची, अध्यक्ष. सत्तरीची, ताडमाड, आणि कुणी ‘नाही’ म्हटलं की तेवढंच तिला ऐकू येत नाही.

“मंगळवारी सकाळी नऊला. चर्चच्या तळघरात,” ती म्हणाली.

“अगं, मला शिवता कुठे येतं! नवऱ्याच्या पँटची शिवण उसवली तर मी स्टेपलर मारते.”

“बसता येतं ना? एकतीस वर्षं बसूनच काढलीस. ये.”

गेले. तळघरात पाइपांच्या खाली लाकडाची लांबलचक चौकट मांडलेली, तिच्यावर ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली गोधडी आणि चारी बाजूंनी खुर्च्या ओढून बसलेल्या चौदा बायका. माना वाकलेल्या, तोंडं अखंड चालू. कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या सुनेने बैठकीच्या खोलीला कसला भयंकर रंग दिला, यंदा मक्याला पाणी पुरेल का. सुया मात्र कुणाच्याच थांबत नव्हत्या. लवॉनने मला एका रिकाम्या खुर्चीत जवळजवळ ढकललंच. शेजारी ऑर्फा लिंडक्विस्ट बसल्या होत्या.

गावात त्यांना सगळे मिसेस लिंडक्विस्ट म्हणत. तळघरात नियम होता, चौकटीला बसलं की सगळ्या नावाने. मी ऑर्फा म्हणायला शिकले, पण तोंडातलं ‘तुम्ही’ काही सुटलं नाही. तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. पाठ ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, उजव्या हाताच्या मधल्या बोटात चांदीचं अंगुस्तान, सुई ढकलायची टोपी. ते इतकं वापरलेलं की त्यावरचे बारीक खळगे झिजून सपाट झाले होते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातांकडे नुसती बघत राहिले. सुई एवढीशी, अर्ध्या बोटाएवढी. ती कापडात टेकवायची, मनगट जरासं झुलवायचं, सुईच्या टोकावर चार-पाच टाके गोळा करायचे आणि मग दोरा एकदम ओढून घ्यायचा. डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक पलीकडे पोचलं हे खालच्या बोटाला टोचतं तेव्हाच कळतं, आणि टोचल्याबरोबर सुई पुन्हा वर वळवायची. त्यांच्या त्या बोटाचं टोक शिंगासारखं कडक झालं होतं. इंचाला बारा टाके. लवॉनने पट्टी लावून मला मोजून दाखवले. गोधडी उलटी करून पाहिलं तरी तीच नक्षी, तसेच बारा, कुठे गाठीचा पत्ता नाही. गाठ त्या हलकेच ओढून आतल्या कापसात लपवत.

माझे इंचाला तीन यायचे, तेही चांगल्या दिवशी.

“असल्या टाक्यांची गोधडी पांघरली की पायाची नखं अडकतात हं,” समोरून रोंडा म्हणाली. रोंडा आमच्यातली सगळ्यात धाकटी, चाळिशीची. आठवड्यातले तीन दिवस ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस असायची. समोरचा माणूस आ करून गप्प पडलाय आणि आपण बोलतोय, याची तिला सवयच लागली होती.

ऑर्फा मान न वळवता मला म्हणाल्या, “मर्ना, टाका लहान करायच्या मागे लागू नकोस. सारखा कर. सारखा यायला लागला की लहान आपोआप होतो.”

त्याच दिवशी माझं बोट टोचलं आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा थेंब उमटला. मी रुमाल शोधायला लागले.

“थुंक,” ऑर्फा म्हणाल्या.

“काय?”

“त्या डागावर थुंक. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दुसरं काही लावलंस तर डाग पक्का होईल.”

चर्चच्या तळघरात, चौदा बायकांदेखत, मी थुंकले. डाग गेला. आपण आता यांच्यातल्या झालो असं मला वाटलं.

तसं काही झालं नव्हतं हे नोव्हेंबरात कळलं. एका मंगळवारी मी चिलीचं, घेवडा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, भांडं तळघरात विसरले आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. जिना उतरून बघते तर लवॉन आणि रोंडा माझ्या खुर्चीशी बसलेल्या, दोघींच्या हातात बारीक टोकाच्या कात्र्या. सकाळपासून मी घातलेले टाके त्या एकेक करून उसवत होत्या.

“दर मंगळवारी?” मी विचारलं.

रोंडाने कात्री पाठीमागे नेली, मग तिला स्वतःलाच त्याचं हसू आलं. “अगं, सुरुवातीला सगळ्यांचेच उसवतात. रीत आहे. माझे दीड वर्ष उसवत होत्या.”

“आणि तुला सांगितलं नाही?”

“सांगायचं नाही हीच तर रीत ना!”

मी भांडं उचललं आणि निघून आले. पुढच्या आठवड्यात जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तोवर ऑर्फांना मळ्यावरून आणायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि एकतीस वर्षांत मी कुणाला फाटकाशी ताटकळत ठेवलं नव्हतं. गाडीत त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या समजूत घालतील.

“माझे दोन वर्षं उसवले,” त्या म्हणाल्या. “पस्तीस साली लग्न होऊन आले तेव्हा. माझ्या सासूने. ती मेल्यावर, तिच्या मयताच्या जेवणाला, कुणीतरी हसत हसत मला सांगितलं.”

“मग?”

“उसवले त्याचं काही नाही गं. वाईटच होते. पण मी रोज संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगायची, आज एवढं झालं, उद्या कोपरा लागेल. आणि ती समोर बसून ऐकून घ्यायची. बटाटे वाढायची.”

“तुम्ही मग ही रीत बंद का नाही केली? तुमचा शब्द कोण मोडणार होतं?”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. कापणी झालेली शेतं मागे जात होती. “गोधड्या चांगल्या होत होत्या,” त्या म्हणाल्या. “धीर नाही झाला.”

मी जात राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात मी मुद्दाम नक्षीतल्या एका पानाच्या टोकाशी एक टाका जरा तिरका घातला, खूण म्हणून. पुढच्या मंगळवारी तो होता तिथेच होता; माझे टाके आता कुणी उसवत नव्हतं. त्या आनंदात मी नवऱ्याला, रॉयला, बाहेर जेवायला घेऊन गेले. कशाबद्दल ते त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण त्याने मांसाचा मोठा तुकडा मागवला आणि खुशीत संपवला.

माझ्या चौथ्या वर्षी जिल्हा कचेरीतून गिल्डला बोलावणं आलं. वेल्बीला सव्वाशे वर्षं पुरी होणार होती, आणि कचेरीच्या मोठ्या दालनात कायमची लावायला एक गोधडी हवी होती. रचना ऑर्फांनी केली. मधोमध गाव: पाण्याची टाकी, धान्याची उंच कोठारं, रेल्वेचा पूल, त्याखालून वळणारी नदी, सगळं कापडाच्या तुकड्यांचं. आणि भोवती हातभर रुंदीची साधी सायीच्या रंगाची पट्टी. त्या पट्टीवर चारी बाजूंनी पिसांची एक वेल फिरवायची, नुसत्या टाक्यांची. खडूने आखायची, वरून टाके घालायचे, मग खडू झटकून टाकायचा.

“तिथे रंग नाही, चित्र नाही,” लवॉन म्हणाली. “चुकलं तर लपायला जागा नाही. पट्टी ऑर्फा करतील.”

यावर कुणी काही बोलायचा प्रश्नच नव्हता.

सप्टेंबरात काम सुरू झालं. माझ्या मनात काहीतरी सलायला लागलं ते ख्रिसमसच्या आसपास. ऑर्फांनी गाडीत मला विचारलं, “तो समोरून गेला तो कुणाचा ट्रक?” तो त्यांच्या पुतण्याचा होता, लाल, एका बाजूने चेपलेला, गावात तसा दुसरा नव्हता. मग त्या मला सकाळी घरीच सुया ओवून द्यायला लावू लागल्या, वीस-पंचवीस एकदम. “थंडीने बोटं सुजतात,” म्हणायच्या. मी ओवायची. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ऑर्फांना घरी सोडून मी डबे न्यायला परत आले, तर लवॉन आणि रोंडा पट्टीच्या दुसऱ्या बाजूशी वाकून उभ्या होत्या. लवॉनचा चेहरा उतरला होता.

“बघ,” ती म्हणाली.

मी बघितलं. टाके तसेच होते. बारीक, सारखे, इंचाला बारा. पण वेल खडूची रेघ सोडून गेली होती. पिसाचं टोक जिथे वळायला हवं तिथे ती सरळच पुढे गेली होती, मग अर्ध्या इंचावर जाऊन उगाच वळली होती. खडूची रेघ बाजूला तशीच पडून. उत्तम चालवलेली गाडी शेतात घुसावी तसं ते दिसत होतं.

“त्यांना दिसत नाही,” रोंडा म्हणाली. दर वेळी काहीतरी चावट बोलणारी रोंडा, त्या वेळी तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “आमच्याकडे दात दाखवायला आल्या होत्या तेव्हा खुर्चीचा हात चाचपडून बसल्या. मला वाटलं, दिव्याने डोळे दिपले असतील.”

“कोण सांगणार त्यांना?” लवॉनने विचारलं.

 ज्यांच्याकडे बघून आम्ही सगळ्या सुई धरायला शिकलो, त्यांना काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने?

आणि मग आम्ही तेच केलं जे आम्हाला येत होतं. कात्र्या काढल्या.

ऑर्फांचा टाका उसवणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. माझे टाके उसवायला रोंडाला पाव तास पुरायचा. यांच्या टाक्याखाली कात्रीचं टोकसुद्धा शिरत नव्हतं. दोरा कापडाला कुठे ओढून धरत नव्हता, कुठे सैल नव्हता. जणू तिथेच जन्मल्यासारखा बसला होता. वीतभर वेल उसवायला तिघींना दोन तास लागले. एवढ्या जवळून मी त्यांचं काम कधीच पाहिलं नव्हतं. वळणावर पहिला टाका त्या किंचित आखूड घेत, म्हणजे दोरा कोपरा कापत नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं, हातालाच माहीत होतं. मी एकीकडे शिकत होते आणि एकीकडे तेच पुसत होते. उसवलेले दोरे लवॉनने मुठीत गोळा केले, पण टाकून द्यायला तिचा हात धजेना. शेवटी तिने ते ॲप्रनच्या खिशात घातले.

सात मंगळवार आम्ही हे केलं. त्या जायच्या, आम्ही उसवायचो, रेघेवरून नवी वेल घालायचो. लवॉनचे दहा यायचे, माझे तोवर आठ यायला लागले होते. तसं फार वाईट दिसत नव्हतं.

आठव्या मंगळवारी ऑर्फा बसल्या, अंगुस्तान चढवलं, आणि सुरुवात करायच्या आधी मागच्या कामावरून सहज तळहात फिरवला. हात थांबला. मग बोटांची टोकं पुन्हा मागे गेली, हळूहळू, पिसापिसावरून.

“हे लवॉनचं,” त्या म्हणाल्या. “लवॉन, तू डावीकडे जाताना दोरा ओढतेस. चाळीस वर्षं सांगतेय.” बोटं पुढे सरकली. “हे मर्नाचं.” आणखी पुढे. “हे पण मर्नाचं. आणि माझं कुठे आहे?”



“ऑर्फा...” लवॉनने सुरुवात केली.

“किती दिवस?”

“फेब्रुवारीपासून.”

“फेब्रुवारीपासून,” त्या म्हणाल्या. “आणि गेल्या मंगळवारी मी तुला म्हटलं, दुसरी बाजू पुरी होत आली. तू म्हणालीस, हो ऑर्फा, छान झालीय. दालचिनीचा रोल घ्या.”

लवॉनने मान खाली घातली. एवढी उंच बाई, खुर्चीत मावेल एवढी झाली.

“वाकडं जात होतं तर वाकडं म्हणायचं! मला काय, काचेची समजता तुम्ही? माझ्या सासूने हे केलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, ती मला पाण्यात बघत होती. तुम्ही तर माझ्या मैत्रिणी ना गं?” त्यांनी अंगुस्तान काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि उठल्या. “मर्ना, मला घरी सोड.”

गाडीत त्या पर्स घट्ट धरून बसल्या.  फाटकाशी उतरताना म्हणाल्या, “डोळ्यांत मधोमध डाग आहे. गेल्या ईस्टरपासून. कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं, तेच नाहीसं होतं.” मग दार लावलं आणि कठड्याला हात लावत पायऱ्या चढून गेल्या.

पुढच्या मंगळवारी पावणेनऊला मी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. स्वयंपाकघराचा पडदा जरासा हलायचा तेवढाच. शाळेच्या बसला नियम होता, मूल दिसलं नाही तर एक मिनिट थांबायचं आणि निघायचं. मी दहा मिनिटं थांबायची, इंजिन चालू ठेवून, म्हणजे आतपर्यंत ऐकू जावं.

तळघरात काम पुढे सरकत नव्हतं. पट्टीच्या दोन बाजू बाकी होत्या. “मी करते,” लवॉन म्हणायची, सुई हातात घ्यायची, आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कामाला उठायची.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. ऑर्फांच्या घराकडे जाणारा रस्ता मला दिसतच नव्हता, गाडीचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. तरी मी जात होते, कारण अशा धुक्यात कसं जायचं ते मला माहीत होतं. उजवीकडची चाकं रस्त्याच्या कडेच्या खडीवर जराशी चढवायची आणि खडी बुडाखाली वाजत ठेवायची. वाजायची थांबली की समजायचं, आपण भरकटलो. साठ पोरं मागे घेऊन मी अशी कितीतरी वेळा शाळेत पोचले होते. आणि तिथेच, त्या खडीच्या आवाजात, मला ते सुचलं.

त्या दिवशी मी फाटकाशी थांबले नाही. घरात गेले. त्यांच्याकडच्याच पिठाच्या जुन्या पोत्याचं कापड, कापूस आणि अस्तर एकावर एक धरून, त्यावर पिसाच्या आकाराने जाड दोरी मोठ्या टाक्यांनी अडकवली आणि ते ऑर्फांच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?”

“रेघ. खडूऐवजी. बोटाने बघायची. दोरीच्या कडेकडेने टाके घाला, झालं की दोरी ओढून काढायची.”

त्यांनी ते चाचपलं आणि माझ्याकडे परत सारलं. “मला आंधळ्यांच्या शाळेत घालायला आलीस?”

“मी एकतीस वर्षं पोरांना शाळेतच घालत होते. तुम्ही नाही म्हणालात तर पहिल्या नाही.”

त्या हसल्या नाहीत. मला कॉफीही विचारली नाही. ते कापड मात्र मी टेबलावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. रॉय दचकून उठला, त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

“दोरी फार जाड आहे,” पलीकडून ऑर्फा म्हणाल्या. “बोट तिच्यावरून घसरतं. बारीक आण. आणि ताठ पाहिजे. लोळणारी नको.”

झालं. त्यानंतरचा आठवडा आम्ही बायका दोऱ्यांमागे लागलो. लवॉनने विणकामाचं सूत आणलं, ते पिंजायचं. मी रॉयच्या मासे पकडायच्या गळाची दोरी नेली, ती ताठ होती पण टाक्याखालून निसटायची. एकेक नमुना घेऊन मी मळ्यावर जायची, ऑर्फा बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, “नाही.” शेवटी रोंडा दवाखान्यातून एक रीळ घेऊन आली. दातांच्या फटी साफ करायचा मेण लावलेला दोरा.

“हसू नका,” ती म्हणाली. “दिवसभर माझ्या हातात हाच असतो. बारीक आहे, ताठ आहे, आणि कितीही घट्ट जागेतून सुळकन निघतो. लोकांच्या दाढा बघा, कळेल तुम्हाला.”

ऑर्फांनी त्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नाकाशी नेला.

“पुदिना?”

“साधा संपला होता,” रोंडा म्हणाली.

“हं,” ऑर्फा म्हणाल्या. आणि पर्स उघडून अंगुस्तान बाहेर काढलं.

मंगळवारी त्या माझ्या आधी फाटकाशी उभ्या होत्या. तळघरात शिरल्या तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या, मग आपण का उभ्या राहिलो ते कळेना म्हणून पुन्हा बसल्या. लवॉन पुढे झाली. तिने काहीतरी लिहून आणलं होतं, कागद हातात होता, पण वाचायला चष्मा सापडेना.

“राहू दे कागद,” ऑर्फा म्हणाल्या. “एक सांगते. इथून पुढे कुणाचेही टाके उसवायचे असले, तर ती समोर असताना. तिला दाखवून. कात्री तिच्या हातात देऊन. पटतंय?”

“पटतंय,” लवॉन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “चुकलं माझं, ऑर्फा.”

“माझंही. मी साठ वर्षं गप्प बसले.” त्या खुर्चीवर बसल्या. “माझं सगळं काढून टाकलंत, की काही शिल्लक आहे?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पहिली बाजू त्यांचीच होती, आणि दुसरीच्या सुरुवातीची, कोपऱ्याजवळची वीतभर वेल आमच्या नजरेतून सुटली होती. त्या उठून गेल्यावर तिला हात लावायचं धाडस कुणाला झालं नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं. आणि खरं तर आमच्या सगळ्यांच्या मनात होतं की ती तशीच राहावी. कचेरीत आलेल्या माणसांना आम्ही ती दाखवू, म्हणू की बघा, हे ऑर्फा लिंडक्विस्ट यांचं. रोंडाने तर माझ्या कानात तसं म्हटलंसुद्धा.

“वाकडी आहे का?” ऑर्फांनी विचारलं.

लवॉनने पट्टी लावली. “हो. अर्धा इंच.”

“मग उसवायला नको? कचेरीत वाकडं टांगायचं?” त्यांनी हात पुढे केला. “कात्री आण.”

आणि त्यांनी स्वतः ती उसवली. डाव्या हाताच्या बोटाने टाका शोधायचा, उजव्या हाताने त्याखाली टोक सरकवायचं. आम्हा तिघींना जेवढ्याला दोन तास लागले होते तेवढं त्यांनी चाळीस मिनिटांत काढलं, आणि कापडाला ओरखडा नाही. आपलाच टाका होता, कुठून धरला आहे ते त्यांना ठाऊक होतं.

मग मी खडूच्या रेघेवरून मेणाचा दोरा अडकवत पुढे जायची, आणि माझ्या मागून त्या यायच्या. पहिले दोन मंगळवार इंचाला नऊ यायचे. त्या स्वतःवर चिडायच्या, सुई टाकायच्या, पुन्हा उचलायच्या. मग दहा आले. मे संपता संपता लवॉनने पट्टी लावली आणि ओरडली, “बारा!” ऑर्फा म्हणाल्या, “ओरडू नकोस, मोजणं चुकतं.” पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्या मंगळवारपासून इतर बायकाही डोळे मिटून टाके घालून बघायला लागल्या. सगळ्यांची बोटं टोचली, सगळ्या थुंकल्या, आणि तळघरभर पुदिन्याचा वास.

जूनच्या अखेरीला शेवटचा दोरा ओढून काढला. जिथून तो निघाला तिथे वेलीचं प्रत्येक पीस उठून दिसत होतं. मी गोधडीकडे बघत होते आणि ऑर्फा आमच्या श्वासांकडे कान लावून होत्या. आम्ही सगळ्या गप्प झालो होतो, तेवढं त्यांना पुरलं असावं.

कचेरीतला समारंभ शनिवारी झाला. शाळेचा बँड होता, महापौर होते, घामाघूम झालेले. गोधडी भिंतीवर उंच लावलेली आणि पुढे रिबीन. ती ऑर्फांनी कापायची ठरली होती. महापौरांनी त्यांच्या हातात कात्री दिली. ऑर्फांनी ती उघडली, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि मिटली.

“ही लवॉनची कापडाची कात्री आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी दिली तुम्हाला?”

“इथे टेबलावर होती,” महापौर म्हणाले.

“हिने रिबीन कापली तर धार जाईल. दुसरी आणा.”

दुसरी कात्री कुणालाच सापडेना. बँडने तीच धून तीनदा वाजवली. शेवटी माझ्या रॉयने खिशातला चाकू काढून दिला आणि ऑर्फांनी एका फटक्यात रिबीन उडवली. टाळ्या झाल्या. लवॉनने धावत येऊन आपली कात्री छातीशी धरली.

माणसं पुढे सरकून गोधडी बघत होती. पाण्याची टाकी ओळखत होती, आपल्या बापाचं कोठार मुलांना दाखवत होती. मग हळूहळू त्यांची नजर कडेच्या पट्टीकडे जायची आणि तिथेच थांबायची. एक म्हातारा शेतकरी टोपी काढून बराच वेळ नुसता वेलीकडे बघत उभा होता. ऑर्फा खुर्चीत बसून सरबत पीत होत्या.

परत जाताना गाडीत त्यांनी विचारलं, “कशी दिसते? खरं सांग.”

“सुंदर.”

“खरं सांग म्हटलं मी.”

मी जरा विचार केला. “नदीचा निळा रंग भिंतीवर गेल्यावर फिका पडतोय. लांबून ती रस्त्यासारखी वाटते.”

“मी सांगितलं होतं लवॉनला!” त्या खुशीत येऊन म्हणाल्या. “गडद निळा घे म्हणाले होते. आणि वेल?”

“वेल दाराशी उभं राहिलं तरी दिसते.”

“चारी बाजू सारख्या?”

“दुसरी बाजू आमची आहे ना,” मी म्हटलं. “ती कळते.”

ऑर्फांनी मान डोलावली. खिडकीची काच खाली केली आणि शेतावरून येणारा वारा तोंडावर घेत बसल्या. मका गुडघ्याएवढा झाला होता.

“वळणावर पहिला टाका आखूड घेत जा,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “म्हणजे कळणार नाही.”